ओढ्याकाठची शिंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केज तालुक्यातल्या आमच्या शिवारातून एक ओढा मांजरेकडं जातो. त्याच्या काठची शिंदीची, म्हणजे रानखजुरीची, झाडं जपायचा उद्योग आम्ही तिघा-चौघांनी सुरू केला, तेव्हापासून पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत तेच ते प्रश्न येतात. काही कुत्सित असतात, बरेचसे खरे असतात. एकदाच लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे.

शिंदी म्हणजे दारूचं झाड. ते वाचवून काय करायचं?

पहिला प्रश्न कायम हाच. आणि मराठवाड्यात तो विचारला जाणं साहजिक आहे. निजामाच्या राज्यात आबकारीचं मोठं उत्पन्न शिंदी-ताडीवर होतं. म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४७-४८ च्या काळात, लढ्याचा एक भाग म्हणून शिंदीची झाडं तोडली गेली. झाड पडलं की सरकारी तिजोरीत तेवढी खोट, असा सरळ हिशेब होता. रात्री कुऱ्हाडी घेऊन निघालेल्या माणसांच्या गोष्टी आमच्या आजोबांच्या पिढीनं सांगितल्यात, आणि त्या माणसांना आज कुणी दोष देणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. झाडाच्या नावाला लागलेला डाग मात्र तसाच राहिला.

आता तेच झाड बंगालात बघा. हिवाळ्यात तिकडं शिंदीचाच रस काढून कढवतात आणि त्याचा गूळ करतात. नोलेन गूळ म्हणून ज्याचे संदेश लोक कोलकात्याहून डबे भरून आणतात, तो हाच. झाड एकच. तिकडं त्याच्या नावानं तोंडाला पाणी सुटतं, इकडं नाव काढलं की माणूस डोळा मारतो.

आणि दारू बाजूला ठेवली तरी तिच्या पानांची केरसुणी, म्हणजे फडा, आहे, सुगरणीची घरटी आहेत, धरून ठेवलेला काठ आहे. ते पुढं येईलच.

ही जात खरंच नष्ट होणार आहे का? का उगीच घाबरवताय?

जात नष्ट होणार नाही. खोटं कशाला सांगू? शिंदी, म्हणजे शास्त्रीय भाषेत फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, भारतभर आहे, पाकिस्तानात आहे, नेपाळ-बांगलादेशात आहे. धोक्यातल्या जातींच्या यादीत तिला कुणी अतिसंकटग्रस्त म्हणत नाही.

पण ‘देशात भरपूर आहे’ आणि ‘आपल्या ओढ्यावर आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या ओढ्यावर मोठी झाडं मोजायला सकाळचा एक तास पुरला. पोरं, म्हणजे कमरेएवढी, गुडघ्याएवढी रोपं शोधायला दोन दिवस गेले आणि एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच मिळाली. ज्या गावात नुसती म्हातारी माणसं उरलीत त्या गावाचं पुढं काय होतं, ते उसतोडीला जाणाऱ्या आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

खऱ्या अर्थानं संपलेल्या माडाची गोष्टही ऐकून ठेवा. बंगालात ताली नावाचा एक मोठा ताडवर्गीय वृक्ष होता, शास्त्रीय नाव कोरिफा टॅलिएरा. विल्यम रॉक्सबर्ग या ज्या वनस्पतीशास्त्रज्ञानं शिंदीला तिचं आजचं शास्त्रीय नाव दिलं, त्यानंच तालीलाही दिलं. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. कैक वर्षं नुसतं वाढतं, मग शेंड्यावर प्रचंड फुलोरा उभा राहतो, फळं धरतात आणि झाड मरतं. जंगलातलं शेवटचं माहीत असलेलं झाड वीरभूम जिल्ह्यात, शांतिनिकेतनच्या बाजूला होतं. १९७९ साली त्याच्या डोक्यावर तो फुलोरा आला. असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. हे भुताचं झाड म्हणून लोकांनी बी धरायच्या आधीच ते तोडून टाकलं. नंतर ढाका विद्यापीठाच्या आवारात एक झाड असल्याचं कळलं, ते २००८ मध्ये फुललं, त्याचं बी लोकांनी गोळा करून रोपं केली. म्हणून तालीचं नाव आज पुसलं गेलेलं नाही, पण रानात ती नाही.

त्या गावकऱ्यांना मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही. आमच्याकडं पोकलेन लावून ओढा सरळ केला तेव्हा शिंदीकडं तर कुणी भूत म्हणूनही बघितलं नाही.

शिंदी, खजूर, ताड... सगळं एकच ना?

नाही. ताडाचं पान पंख्यासारखं, शिंदीचं पिसासारखं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. खजूर आणि शिंदी या सख्ख्या चुलतबहिणी. खजुराला बुंध्यातून पिल्लं फुटतात, ती काढून लावता येतात. शिंदी सहसा एकटीच सरळ वर जाते, पिल्लं देत नाही. म्हणजे शिंदी वाढायची तर बियांतूनच. शिंदीचं फळ लहान, पिकल्यावर नारिंगी आणि मग तांबूस-काळपट, गर नावाला आणि बी मोठं. लेकरं तरी खातात.

कॉलेजच्या गेटपाशी, नव्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर जे गुळगुळीत खोडाचे बाटलीसारखे पाम लावलेत, त्यांचा आपल्या मातीशी संबंध नाही. त्यावर सुगरण घरटं बांधताना मी तरी पाहिली नाही.

आमच्या बांधावरच्या शिंदीला कधीच फळ येत नाही. वांझ आहे, तोडली तर चालेल का?

वांझ नाही, नर आहे. शिंदीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. माघ-फाल्गुनात नराला पांढरट फुलोरा येतो. त्याला हात लावला की पिठासारखा पराग उडतो, वासही येतो. मादीला घोस लागतात, त्यांचे देठ पुढं पिवळे-नारिंगी होऊन लोंबतात. नर गेले की माद्या उभ्या असूनही पिढी पुढं जात नाही.

आमच्या भागात नरच आधी पडतात, कारण ‘याचा काय उपयोग’. जेवढ्या लोकांना मी हे सांगितलंय, त्यातल्या निम्म्यांनी तरी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मॉरिशसमध्ये, जिथं मराठी कुळांचीही वस्ती आहे, कुरपीप गावच्या उद्यानात हायोफोर्बे अमॅरिकॉलिस नावाच्या पामचं एक झाड आहे. जगात माहीत असलेलं एकच. त्याच झाडावर नरफुलं आणि मादीफुलं दोन्ही येतात, पण एकाच वेळी उमलत नाहीत. म्हणून झाड फुलतं आणि तिथंच थांबतं. अतिसंकटग्रस्त हा शब्द अशा झाडासाठी आहे. जोडीदार संपल्यावर झाडाला खत-पाणी घालून काही होत नाही, एवढंच त्यातून घ्यायचं.

शेंडा छाटला तर पुन्हा फुटेल ना? बाभूळ फुटते, कडुनिंब फुटतो.

फुटणार नाही. हे एक वाक्य गावागावात पाटीवर लिहावं असं मला वाटतं. बाभळीला शंभर डोळे असतात, शिंदीला एकच: डोक्यात, पानांच्या मधोमध, गाभ्यात. तो गेला की झाड गेलं. खोड वर्षभर उभं दिसतं, मग वाळतं. विजेच्या तारेखाली आलेल्या शिंदीचा शेंडा उडवून लोक म्हणतात, ‘झाड ठेवलंय की.’ खांब ठेवलाय.

गाभा खायला गोड लागतो हे खरं. पण ताटलीभर गाभ्यासाठी आजोबाच्या वयाचं झाड जातं.

शिंदीच्या खोडाला जखम भरून काढायची सोयही नाही. साल वाढून घाव झाकला जातोय असं इथं होत नाही. आमच्या ओढ्यावर एक जुनं झाड आहे, त्याच्या खोडावर खालून वर, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला अशा खाचा आहेत. रस काढणाऱ्यांनी दर हंगामाला बाजू बदलून केलेल्या. खालच्या खाचांमध्ये धूळ साचून गवत उगवलंय, एकीत पिंपळाचं रोप आहे. वरच्या खाचांच्या कडा अजून धारदार आहेत. मग खाचा संपतात आणि वर आठ-दहा हात नुसतं खोड. कुणी कधी यायचं थांबलं, ते त्या खोडावर वाचता येतं.

मग रोपं जातात कुठं? बी तर ढीगभर पडतं.

हा खरा प्रश्न, आणि तो फार कमी लोक विचारतात.

शिंदीचं बी पडतं, कोल्हा आणि उदमांजर फळं खाऊन बी दूर टाकतात, पाखरंही नेतात. उगवतंही. पण उगवल्यावर ते शिंदीसारखं दिसत नाही. पहिलं पान म्हणजे एक अरुंद, जाडसर, उभी घडी पडलेली हिरवी पट्टी. दुसरंही तसंच. पिसासारखं फाटलेलं पान यायला फार वेळ लागतो. तोवर बांधावर ते गवतच असतं. तुम्ही ओळखणार नाही, मी सुरुवातीला ओळखत नव्हतो. ओळखायची खूण अशी: बोटात धरून ओढा. गवत सैल येतं. शिंदीची पट्टी चामड्यासारखी लागते आणि येत नाही.

सोयाबीनमध्ये तणनाशक मारताना पंपाचा नळा बांधावरूनही फिरतो. तिथं पहिली पोरं जातात. उन्हाळ्यात बांध पेटवतात, तिथं दुसरी. मोठी शिंदी वणव्यातून बऱ्याचदा वाचते, बुंधा काळा होतो आणि वर हिरवं राहतं, म्हणून लोकांना वाटतं शिंदीला आग बाधत नाही. पट्टीएवढ्या रोपाला बाधते. त्यातूनही गुडघ्याएवढं झालंच, तर फड्यासाठी त्याचीच पानं कापायला सोपी, कारण चढावं लागत नाही. दरसाल कापलेलं रोप वर्षानुवर्षं गुडघ्याएवढंच राहतं.

म्हणून आमचं पहिलं काम वृक्षारोपण नव्हतंच. पट्ट्या शोधायच्या, शेजारी चुना लावलेला दगड ठेवायचा आणि वावराच्या मालकाला आणून दाखवायचं: ‘काका, एवढ्या हातभर जागेत फवारू नका.’ एकही काका अजून नाही म्हणाले नाहीत. एकजण म्हणाले, ‘हे आधी सांगायचं ना, गेल्या साली किती उपटलं.’

ओढ्याचं खोलीकरण मंजूर झालंय. आम्ही विरोध करायचा का?

सरसकट नाही. दुष्काळात टँकरच्या मागं पळालेल्या माणसाला ‘गाळ काढू नका’ सांगायचं तोंड माझ्याकडं नाही. पण गाळ काढणं वेगळं आणि दोन्ही काठ खरवडून ओढ्याचा पाट करणं वेगळं. शिंदीची मुळं बारीक, दोरीसारखी आणि असंख्य असतात, ती काठाची माती बांधून ठेवतात. आमच्याकडं एका बाजूचा काठ झाडांसकट काढला. दोन पावसाळ्यांत त्याच बाजूची माती ढासळून खोल केलेल्या पात्रात बसली.

काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराच्या माणसाला आणि यंत्र चालवणाऱ्याला भेटा. दोघांनाही. कागद साहेबाकडं असतो, पण झाड पडायचं का राहायचं ते केबिनमध्ये बसलेला पोरगा ठरवतो. आम्ही खोडांना लाल कापड बांधलं आणि त्याला चहा दिला. एका काठावरून यंत्र चालवलं तर दुसरा काठ तसाच राहतो, हे त्यानंच आम्हाला सुचवलं.

बी कसं लावायचं?

जेठ-आषाढात पिकून पडलेली फळं वेचा. गर काढून बी धुवा, एक-दोन दिवस पाण्यात भिजवा आणि शक्यतो ताजंच लावा. दोन बोटं खोल. जिथं झाड हवंय तिथंच लावलं तर उत्तम, कारण मूळ लवकर खोल जातं. पिशवीत करायचं असेल तर लांब पिशवी घ्या, चहाच्या कपात करू नका.

उगवायला महिना ते तीन महिने. या काळात लोक उकरून बघतात आणि तिथंच घात करतात. शिंदीचं बी कसं उगवतं बघा: बियातून आधी एक पांढरी नळी निघून खाली जमिनीत जाते, आणि कोंब त्या नळीच्या खालच्या टोकाशी तयार होऊन मग वर येतो. बी वर, रोपाचा जन्म खाली. उकरलं की नळी तुटते. धीर धरवत नसेल तर चार बिया जास्तीच्या लावा आणि त्याच उकरा.

नर-मादी फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला बरीच वर्षं लागतात. म्हणून एका जागी पाच-सात तरी लावा. एकच झाड लावून फोटो काढण्यात अर्थ नाही.

मोठं झाड उपटून दुसरीकडं लावता येतं का?

येतं, आणि दुर्दैव तेच आहे. शिंदीचं मोठं झाड मुळांच्या गड्ड्यासकट उचलून नेता येतं, म्हणून शहरातल्या फार्महाउसच्या, हॉटेलांच्या दारात ‘तयार’ शिंद्या उभ्या करायचा धंदा चालतो. क्रेन येते, शेतकऱ्याला काही पैसे मिळतात, झाड जातं. तिकडं जगलं तर दिमाखात उभं राहतं, पण इथल्या ओढ्याला त्याचा काय उपयोग?

रस्त्याच्या रुंदीकरणात झाड जाणारच असेल तर हलवा, पण त्याच ओढ्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, पानं वर बांधून आणि गाभ्याला धक्का न लावता.

फडा विकत घेणं चूक आहे का? प्लॅस्टिकचा झाडू वापरू का?

अजिबात नको! फड्याला गिऱ्हाईक आहे तोवर शिंदीला मालक आहे. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळद-कुंकू वाहतो, ती आधी कुणीतरी बांधलेली असते. आमच्याकडं हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यत्वे मातंग समाजातल्या घरांनी केलंय, आणि शिंदीबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं अशाच एका मावशींकडून आलंय. मावशी झाडाच्या मधल्या उभ्या कोंबाला आणि त्याच्या भोवतीच्या कोवळ्या पानांना हात लावत नाहीत, खालची पक्की पानं घेतात. ‘डोक्याचा पदर सोडायचा’ असं त्या म्हणतात. घाई करणारे नवखे लोक सगळीच पानं ओढतात.

फडा घेताना घासाघीस करू नका, एवढंच.

ताडी-नीरा काढायला परवानगी लागते का?

लागते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली हा विषय येतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग तो बघतो. झाड स्वतःच्या बांधावर असलं तरी. याहून जास्त आम्हाला विचारू नका, आमचा तो प्रांत नाही.

शिंदी विहिरीचं पाणी पिऊन टाकते म्हणतात.

उलटं आहे. जिथं पाणी वर आहे तिथं शिंदी येते. पाणाडेसुद्धा उंबर, वारूळ आणि शिंदी बघत फिरतात. विहीर आटली की लोकांना काठावरचं झाड दिसतं, शेजारच्या चार बोअर दिसत नाहीत.

शेंड्याची पानं कात्रीनं कापल्यासारखी दिसतात. काय झालंय?

गेंड्या भुंगा. कोवळ्या पानाच्या घडीत तो भोक पाडतो आणि पान उघडल्यावर त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. त्याच्या अळ्या उकिरड्यात आणि कुजक्या खोडांत वाढतात, पांढऱ्या, जाड, सी आकाराच्या. उकिरडा उपसताना दिसल्या की कोंबड्यांना टाका. गेंड्यानं झाड सहसा लगेच मरत नाही. त्याच्या जखमेतून सोंड्या भुंगा शिरला तर मरतं. खोडातून तपकिरी चिकट पाणी, आंबूस वास, मधला कोंब ओढताच हातात आला तर समजा उशीर झालाय. असं मेलेलं झाड तिथंच पडू देऊ नका. आतल्या अळ्यांसकट जाळून टाका, नाहीतर शेजारचं जातं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत सागवान, मोह, चिंच, आंबा अशी नावं आहेत. शिंदी नाही. म्हणजे स्वतःच्या वावरातल्या शिंदीला त्या यादीचा आधार मिळत नाही. पण ओढ्याचं पात्र सरकारी असतं, तिथलं झाड कुणाच्या बापाचं नसतं, आणि ते तोडताना दिसलं तर तलाठ्याकडं, तहसीलमध्ये लेखी तक्रार करता येते. पोच घ्या.

दुसरा रस्ता जैवविविधता कायद्याचा, २००२ सालचा. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही हवी. ती मागून बघा. आम्ही बघितली तेव्हा शिंदीपुढं एकच शब्द होता: ‘आढळते’. कुठं, किती, नर का मादी, काही नाही. आता आम्ही गट नंबरनिहाय यादी करून दिलीय आणि ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्यायला लावलीय. पुढच्या वेळी यंत्र आलं तर दाखवायला कागद आहे.

लेकरांना काटा लागतो, पायात मोडतो. घराजवळ ठेवू का?

देठाच्या बुडाचे काटे खरंच वाईट. घराजवळ असेल तर हात पोचेल तेवढे काटे विळ्यानं काढा, झाड काढू नका.

आमच्याकडं खजुराची बाग लावतोय. शिंदीला काही होतं का?

दोघींचा संकर होऊ शकतो. त्यानं आज काही बिघडत नाही, पण शिंदीचं बी गोळा करताना बागेपासून लांबच्या झाडाचं घ्या. आणि टिश्यू कल्चरनं शिंदी का करत नाही, असं विचारणाऱ्यांना: एकाच झाडाच्या शंभर नकला करून ओढा भरायचा नाही. आपल्याला वेगवेगळी झाडं हवीत, नर आणि मादी दोन्ही. बी फुकट पडलंय.

झाडाचा फोटो दाखवला तर नर का मादी सांगाल?

फुलोरा किंवा घोस असेल तर लगेच. नुसत्या पानांवरून नाही, कुणालाच सांगता येत नाही. फाल्गुनात एकदा झाडाखाली जाऊन वर बघा. मान दुखेल. काही दिसलं नाही तर खोडाजवळची माती चाळा, गेल्या सालच्या बिया पडलेल्या असतील तर ती मादी. नसतील तर पुढच्या फाल्गुनात पुन्हा जा.